वैनगंगाकाठची जुनी गावे

पूर्व विदर्भात वैनगंगा नदीच्या दोन्ही तीरांवर, तसेच तिच्या उपनद्यांच्या मुखांजवळ वसलेल्या ऐतिहासिक गावांचा समूह. प्रशासकीय दृष्ट्या ही गावे भंडारा, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत विभागली आहेत. भौगोलिक व सांस्कृतिक दृष्ट्या मात्र तो एकच पट्टा असून स्थानिक बोलण्यात त्याचा मोठा भाग ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. नदीचे रुंद वाळवंट, खडकाळ डोह, उंच दरडीवरचे घाट व देवळे यांमुळे हा काठ निसर्गसौंदर्यासाठी प्रसिद्ध आहे. प्राचीन विदर्भाच्या अभ्यासात त्याचे महत्त्व सौंदर्याहूनही अधिक आहे. कारण पवनी, अंभोरा, वैरागड व मार्कंडा या चार स्थळांभोवती लेखविद्येतले (कोरीव लेखांच्या अभ्यासातले) आणि वाङ्मयेतिहासातले काही वाद अजून मिटलेले नाहीत.

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. प्रथम उत्तरेकडे जाऊन ती मोठा वळसा घेते, पूर्वेकडे व मग दक्षिणेकडे वळून बालाघाटमार्गे महाराष्ट्राच्या सीमेवर येते. तिची एकूण लांबी सु. ५८० किमी. आहे. बावनथडी, बाघ, सूर, कन्हान, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी व अंधारी या तिच्या महत्त्वाच्या उपनद्या. चपराळ्याजवळ वर्धा नदी तिला मिळते व पुढे दोघींच्या संयुक्त प्रवाहाला प्राणहिता म्हणतात.

पश्चिम विदर्भातील नद्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशातून वाहतात. वैनगंगेचे खोरे बहुतांशी त्याहून कितीतरी जुन्या, स्फटिकी खडकाचे आहे. हा खडक झिजून रेती होते, म्हणून पात्र रुंद व वाळूचे. जेथे कठीण खडकाचे दांडे पात्रात आडवे आले आहेत तेथे डोह, लहान बेटे व धारा तयार झाल्या आहेत. जुन्या वस्त्यांच्या जागा पाहिल्या तर त्या सहसा अशाच ठिकाणी आढळतात : खडकाच्या आधाराने टिकलेला उंच काठ, शेजारी बारमाही डोह आणि पलीकडे उतरायला सोयीचा उतार. डोळ्यांना जे देखणे वाटते, तेच वसाहत करणाऱ्याला पुरापासून सुरक्षित व पाण्याला जवळ वाटले असणार. तुमसरजवळचे माडगी हे याचे उत्तम उदाहरण. तेथे पात्राच्या मधोमध असलेल्या खडकाळ टेकडीवर नृसिंहाचे मंदिर असून कार्तिक पौर्णिमेपासून यात्रा भरते.

प्राचीन लेखांतील नदी : वैनगंगेचा ‘बेण्णा’ असा उल्लेख वाकाटकांच्या ताम्रपटांत येतो. दुसऱ्या प्रवरसेनाच्या शिवनी ताम्रपटात ‘बेण्णाकार्पर’ नावाच्या विभागातील गाव दान दिल्याचे नमूद आहे आणि हा विभाग वैनगंगेलगतचा असावा, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो त्याआधीच्या एका उल्लेखाबद्दल. कलिंगराज खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात, दुसऱ्या राज्यवर्षी त्याने सातवाहन राजा सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य पाठविले व ते ‘कण्हबेंणा’ नदीपर्यंत पोचले, असे म्हटले आहे. तेथील नगराचे नाव काही ‘मुसिक’, तर काही ‘असिक’ असे वाचतात. कण्हबेंणा म्हणजे कृष्णा, हे मत बराच काळ प्रचलित होते. कृष्णेला जुन्या ग्रंथांत कृष्णवेणा म्हटलेले असल्याने ते सहज पटण्यासारखेही होते. प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मात्र ती नागपूरजवळची कन्हान मानली. लेखात दिशा पश्चिम अशी स्पष्ट दिलेली आहे. कलिंगाच्या पश्चिमेस कन्हान-वैनगंगेचे खोरे येते, कृष्णा दक्षिणेला राहते. पुढे कुही तालुक्यातील आदम येथील उत्खननात अस्सक (अश्मक) जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली; ‘असिक’ हे नगरनाम याच नावाशी जोडले जाते. हे स्थळ वैनगंगेच्या खोऱ्यातलेच आहे. एका मुद्रेवरून राजधानी ठरत नाही, मुद्रा हातोहात दूर जाते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दिशा, नदीनाम व मुद्रा ही तीन टोके एकत्र धरली असता मिराशींचा पक्ष आज अधिक सबळ दिसतो. पाठभेदाचा निकाल लागेपर्यंत ‘असिक’ या वाचनावर फार भार टाकणे मात्र योग्य नव्हे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यांच्या आकरांत (खाणींच्या ठिकाणांत) ‘वेणातट’ येतो. हा वेणातट कोणता, याबद्दलही वैनगंगा व कृष्णवेणा असे दोन पक्ष आहेत. त्याचा विचार पुढे वैरागडच्या संदर्भात केला आहे.

भंडारा : जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील शिलालेखात (कलचुरी संवत् ८६६, इ. स. १११४) त्याला कर देणाऱ्या मंडलांच्या यादीत वैरागर, लांजिका यांच्याबरोबर ‘भाणार’ हे नाव आहे व ते भंडाऱ्याचे मानतात. पितळी भांड्यांच्या धंद्यामुळे गावाचा लौकिक झाला. नदीकाठच्या मेंढा भागातील भृशुंड गणेश विदर्भातील अष्टविनायकांत गणला जातो. पलतीरावर कारधा आहे. पावसाळ्यात तेथील पुलावरून पूर पाहायला माणसे जमतात.

अंभोरा : नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील, वैनगंगा व कन्हान यांच्या संगमावरील क्षेत्र. आंब व इतर लहान प्रवाह जवळच मिळत असल्याने त्याला पाच नद्यांचा संगम म्हणण्याचा प्रघात आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देवस्थान आहे. टेकड्या थेट पाण्यात उतरलेल्या, समोर संगमाचा विस्तीर्ण फाटा आणि मागे वनराई, असे हे स्थान विदर्भातील नदीदृश्यांत पहिल्या पंक्तीत बसते.

अंभोऱ्याची खरी कीर्ती आद्य मराठी ग्रंथकार मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांशी निगडित आहे. त्यांचा विवेकसिंधु हा ग्रंथ शके १११० (इ. स. ११८८) मध्ये रचला गेला, असे परंपरेने मानतात. त्याची उपलब्ध हस्तलिखिते पुष्कळ नंतरची आहेत आणि त्यांतील भाषा नकलांमधून नवी होत गेली आहे. त्यामुळे काही अभ्यासकांनी या काळाविषयीच शंका घेतली. तथापि काळ मान्य केला, तरी स्थळ कोणते हा प्रश्न राहतोच. ग्रंथात आलेली अंबानगरी म्हणजे बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई, असा एक पक्ष आहे. तेथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात, तेथे वारकरी व इतर संप्रदायांचा अखंड राबता आहे आणि मराठवाड्यातील परंपरा याविषयी ठाम आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते अंबानगरी म्हणजे वैनगंगेवरील अंभोरा. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांचे स्थान येथे दाखवले जाते, हा या पक्षाचा एक आधार.

दोन्ही बाजूंची स्थानिक परंपरा बाजूला ठेवली, तर उरतो तो ग्रंथातील राजाचा पुरावा. ज्याच्यासाठी ग्रंथ झाला तो जैत्रपाल (जैतपाळ) हा बल्लाळाचा पुत्र व नृसिंहाचा नातू असल्याचे ग्रंथकार सांगतो. देवगिरीच्या यादवांत जैत्रपाल (जैतुगी) आहे खरा, पण तो पाचव्या भिल्लमाचा पुत्र. वंशावळ जुळत नाही. त्यामुळे बैतूलजवळील खेरला (खेडले) येथील राजाची परंपरा पुढे येते व कार्यक्षेत्र आपोआप उत्तर विदर्भाकडे सरकते. खेरल्याच्या त्या राजाचा स्वतंत्र कोरीव लेख हाती नाही, ही या पक्षाची उणी बाजू. एकंदरीत, समाधी अंबेजोगाईला व ग्रंथरचना वैनगंगाकाठी अशी विभागणी करणाऱ्या समन्वयवाद्यांचे मत सोयीचे आहे. पण सोय हा पुरावा नव्हे. राजवंशाचा मुद्दा पाहता ग्रंथरचनेपुरते अंभोऱ्याचे पारडे किंचित जड आहे, एवढेच म्हणता येते.

पवनी : भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, वैनगंगेच्या उजव्या तीरावर. गावाच्या तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट व त्याबाहेर खंदक असून चौथी, पूर्वेची बाजू नदीने राखली आहे. तटावर पुढच्या काळात दगडी भिंत व बुरूज चढवले गेले. खालची माती प्राचीन व वरचा दगड मध्ययुगीन किंवा त्याही नंतरचा, हा फरक न कळल्यामुळे पवनीचा सगळा किल्ला गोंड किंवा भोसलेकालीन समजण्याची चूक जुन्या वर्णनांत पुष्कळदा दिसते.

नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा आहे. स्तूपाच्या कठड्याच्या दगडी खांबांवर भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांच्या दानाचे छोटे ब्राह्मी लेख आहेत. एका खांबावर मुचलिंद नागाने फणा धरलेले रिकामे आसन कोरले असून खाली नागाचे नाव दिले आहे. बुद्धाची मानवी मूर्ती न घडवता चिन्हाने त्याचे अस्तित्व सुचविण्याच्या काळातले हे शिल्प आहे. लिपीवरून कठड्याचा काळ इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक धरतात. स्तूपाचा मूळ गाभा याहून जुना, मौर्यकालीन किंवा त्याही आधीचा असावा, असा उत्खननकर्त्यांचा कयास होता. त्यातील ‘मौर्यकालीन’ हा भाग सर्वमान्य आहे. ‘त्याही आधीचा’ याबद्दल सावध राहिलेले बरे. १९९४ मध्ये पुन्हा उत्खनन झाले व स्तूप एक नसून अनेक होते हे अधिक स्पष्ट झाले.

पवनीचे दोन लेख राजकीय इतिहासासाठी महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी एक भार राजा भगदत्त याचा. हा भार वंश कोणता, हे निश्चित नाही. पुढे वाकाटकांशी सोयरीक करणाऱ्या भारशिवांशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. नामसाम्यापलीकडे त्याला आधार मिळालेला नाही. दुसरा लेख ‘महाक्षत्रप कुमार रूपिअम्म’ याच्या स्मारकस्तंभावरचा असून अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) तो इ. स. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. पश्चिम भारतातील क्षत्रपांची (शक राज्यकर्त्यांची) सत्ता वैनगंगेपर्यंत पोचली होती का, असा प्रश्न या एका खांबाने उभा केला. सत्ता पोचली नसून एखादा राजपुत्र मोहिमेत येथे कामी आला असावा, हेही संभवते. रूपिअम्माचे नाव क्षत्रपांच्या परिचित वंशावळीत बसत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्यच करावे लागते.

वाकाटकांनंतर अनेक शतके पवनीविषयी फारसे हाती लागत नाही. गोंड व भोसले काळात हे कोष्ट्यांचे गाव म्हणून पुन्हा पुढे येते. येथील रेशीमकाठी धोतरे, लुगडी व पागोटी नागपूरच्या बाजारात नावाजलेली होती. नदीवरचे दगडी घाट व त्यांवरची देवळे मुख्यतः याच काळातली. वैजेश्वराचे मंदिर व त्यालगतचा घाट विशेष प्रसिद्ध. पंचमुखी गणेशाची मूर्ती अष्टविनायकांत गणतात. देवळांच्या संख्येमुळे पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. हीच पदवी मार्कंड्यालाही दिली जाते आणि दोन्ही गावे ती सोडायला तयार नाहीत. हिवाळ्याच्या अखेरीस पवनी व शेजारच्या भिवापूर परिसरात मिरचीचे सातरे लागतात. तेथे बायामाणसे लाल मिरचीचे देठ खुडत बसतात. जुन्या वर्णनांत नदी, घाट व तट सर्वत्र सापडतात. हे लाल अंगण क्वचितच.

वैरागड : हे गाव वैनगंगेच्या थेट काठावर नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी व सती या नद्यांच्या परिसरात ते आहे. तथापि या समूहात त्याला वगळता येत नाही. जाजल्लदेवाच्या वर उल्लेखिलेल्या लेखातील ‘वैरागर’ हेच. आइन-इ-अकबरीत येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे आणि चांद्याचा (चंद्रपूरचा) गोंड राजा बाबाजी बल्लाळशाह याच्याशी येथील किल्ल्याचे बांधकाम जोडले जाते. चौफेर खंदक, भक्कम दरवाजे व आत वाढलेले रान असा किल्ला आज उभा आहे. वराहमिहिराचा वेणातट वैनगंगेचा मानायचा तर त्या काठी हिऱ्याची खाण दाखवावी लागते. ती अट वैरागड पूर्ण करते. कृष्णेच्या खोऱ्यातही हिऱ्यांच्या विख्यात खाणी असल्याने एवढ्याने वाद संपत नाही. बृहत्संहिता व आइन-इ-अकबरी यांच्यामध्ये हजार वर्षांचे अंतर आहे, हेही विसरता कामा नये.

वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी : मधल्या टप्प्यातील ही गावे इतिहासापेक्षा चालू जीवनासाठी महत्त्वाची आहेत. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव व बोड्या (लहान तळी) हे येथील भूदृश्य. तलाव बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाला दिले जाते. वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धान कापणी आटोपली की मंडळांच्या गाड्या गावोगाव निघतात आणि मंडई (गावजत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर नाटके होतात.

मार्कंडा : गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मंदिरसमूह, वैनगंगेच्या डाव्या तीरावर. येथे नदी वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते व उत्तरवाहिनी प्रवाहामुळे स्थानाला तीर्थाचे महत्त्व आले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३–७४ च्या दौऱ्यात मंदिरांची पाहणी केली व आपण पाहिलेल्या मंदिरसमूहांत हा सर्वांत चित्रमय, अशा आशयाचा अभिप्राय दिला. तटबंदीच्या आत वीसच्या आसपास लहानमोठी देवळे होती. त्यांतील मार्कंडऋषीचे मंदिर सर्वांत मोठे आहे. त्याच्या बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी व व्याल यांच्या मूर्तींचे पट्टे आहेत. वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला व नंतर कोणीतरी ओबडधोबड खांब देऊन छत सावरले. मूळ कारागिरी व ही डागडुजी यांतला फरक पाहताक्षणी कळतो.

मंदिरांच्या काळाबद्दल एकमत नाही. लोकांमध्ये ती सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखली जातात. पण त्या शैलीशी यांचा संबंध नाही. राष्ट्रकूटकाळापर्यंत मागे जाणारे मत आहे, तसेच माळवा व महाकोसलातील समकालीन मंदिरांशी साम्य दाखवून अकरावे-बारावे शतक सुचविणारेही आहे. मूर्तींची घडण व शिखराची रचना विचारात घेता दुसरे मत ग्राह्य वाटते. समूहातील सर्व देवळे एकाच वेळी झाली, असे मात्र दिसत नाही. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

मार्कंड्यापुढे आष्टी हे काठचे शेवटचे मोठे गाव. चपराळ्याला वर्धा-वैनगंगेचा संगम, एक मंदिर व अभयारण्य आहे. पुढचा प्रदेश प्राणहितेचा.

नदीदृश्यातील बदल : पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले व २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाला ३३ दरवाजे आहेत. धरणाच्या वर व खाली नदी आता दोन निरनिराळ्या रूपांत दिसते. वरच्या बाजूस अंभोऱ्यापर्यंत संथ फुगवटा पसरला आहे. संगमावरचे खडक व वाळवंट पाण्याखाली गेले, जुनी वस्ती उठून नव्या जागी बसली आणि टेकड्यांना सरोवराची शोभा आली. पर्यटनाच्या जाहिरातींत दिसणारे अंभोरा हे हेच. नव्या पुलावरच्या प्रेक्षक सज्जामुळे त्याची ख्याती वाढली. मुकुंदराजांच्या काळचे वाहते संगमदृश्य त्यावरून कल्पिता येणार नाही. खालच्या बाजूस, पवनीला, नदीचे पाणी दरवाज्यांच्या हिशेबाने येते. उन्हाळ्यात वाळवंटात टरबूज-डांगराच्या वाड्या लावणाऱ्यांना व डोंगे घेऊन डोहांत जाळी टाकणाऱ्या ढिवरांना याची झळ प्रथम बसली.

यात नागपूरच्या सांडपाण्याची भर पडते. नाग नदीचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येते व फुगवट्यात साचते. पवनी-भंडारा भागात पाण्याच्या रंगावासाविषयी तक्रारी त्यातून उद्भवल्या. रेतीचा उपसा हे तिसरे कारण. कन्हानची रेती नागपूरच्या बांधकामात पूर्वीपासून पहिल्या प्रतीची मानतात. मागणी वाढत गेली तशी वैनगंगेचे रेतीघाटही लिलावात आले आणि काही ठिकाणी वाळवंटाच्या जागी खड्डे व उघडा खडक दिसू लागला.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून व नंतर गोसीखुर्दमधून मोठा विसर्ग झाल्याने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. त्या पुरात उंच दरडीवरचे जुने गावठाण व नदीपातळीलगत वाढलेली नवी वस्ती यांतला भेद ठळक झाला. पुराची पातळी जुन्या वस्त्यांच्या जागांशी ताडून पाहण्याचे काम पुरातत्त्वज्ञांनी अद्याप पद्धतशीरपणे हाती घ्यावयाचे आहे. पवनीचा नदीकडील, तट नसलेला काठ त्यासाठी सर्वांत सोयीचा ठरेल.